गवतातले निळे डोळे

[दृश्य: पहाट. नदीच्या मुखाशी खाजण, त्यावर विरत चाललेलं धुकं. लांबून बोटीच्या इंजिनाचा आवाज.]

स्टीनहॅची. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा जिथे वाकतो, त्या बिग बेंड भागातलं मासेमारीचं गाव. नदीचं नावही तेच. फ्लोरिडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती पांढरी पुळण इथे नाही. किनारा म्हणजे मैलोन् मैल खाजण, आणि त्यापुढे मेक्सिकोचं आखात, तेही इतकं उथळ की दोन-तीन मैल आत गेलात तरी बोटीखाली जेमतेम पुरुषभर पाणी.

एरवी हे गाव आपल्या तंद्रीत असतं. १५ जूनला मात्र पहाटेपासून ट्रेलरांची रांग लागते. सगळे येतात ते स्कॅलॉप वेचायला.

मराठीत याला रुळलेलं नाव नाही. तिसऱ्यांसारखाच दोन शिंपांचा जीव. शेल कंपनीच्या पंपावर जो पंख्यासारखा शिंपला रंगवलेला असतो, तो स्कॅलॉपचाच. पण तिसरी वाळूत दडून बसते. हा पठ्ठ्या समुद्री गवतावर उघडा बसलेला असतो, आणि बघत असतो. खरंच बघत असतो. शिंपांच्या कडेने तीस-चाळीस डोळे, चकचकीत निळे. प्रतिमा उमटवायला या डोळ्यांच्या तळाशी चक्क आरसा असतो. सावली पडली की दोन्ही शिंपा टाळ्या वाजवल्यासारख्या मिटतात, आतलं पाणी जोरात फेकलं जातं आणि स्वारी उलट्या दिशेला पळते. फार लांब नाही, हातभर. पण गवतात हातभरही पुरतं.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. लॅपटॉपवर भरती-ओहोटीचं कोष्टक. शेजारी भिंतीवर कालनिर्णय.]

आम्ही ओरलँडोला राहतो. तिथून स्टीनहॅची साधारण तीन तास. आई त्या उन्हाळ्यात रत्नागिरीहून आली होती. जन्मभर ओहोटीला खाडीत तिसऱ्या काढलेली बाई. तारीख ठरवायला आम्ही लॅपटॉप उघडला, तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.

"अष्टमीच्या आसपास बघ," ती म्हणाली. "भांग असेल. पाणी धावणार नाही."

बरोबरच होतं तिचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ. अष्टमी-नवमीला भांग, पाणी संथ, तळ ढवळत नाही. फक्त आखातातल्या भरत्या कोकणासारख्या शिस्तीच्या नाहीत. एका दिवसातल्या दोन भरत्यांची उंचीही सारखी नसते, आणि चंद्र विषुववृत्तापासून किती वर-खाली आहे याचा त्यात मोठा हात असतो. म्हणून तिथी आईची, पण तास त्या गावाच्या कोष्टकातले. भरती आणि ओहोटी यांच्या मधे पाणी थबकतं, तो वेळ सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पडेल असा दिवस शोधला. ऊन वर आलेलं हवं, म्हणजे तळ उजळतो. आणि दुपारच्या आत परत फिरायला हवं, कारण फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी ढग गडगडायला वेळ लागत नाही. उघड्या समुद्रावर वीज म्हणजे खेळ नव्हे.

जुलैचा दुसरा आठवडा ठरला.

त्याला आणखी एक कारण होतं. इथला हंगाम १५ जून ते लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. पण जूनच्या पंधरा दिवसांत माणशी एकच गॅलन अख्खे शिंपले घेता येतात. १ जुलैपासून दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटरची बादली. बोटीवर कितीही माणसं असली तरी एकूण दहा गॅलनच्या वर नाही. किनाऱ्याच्या दुसऱ्या पट्ट्यात तारखा वेगळ्या. क्रिस्टल रिव्हरला हंगाम १ जुलैला उघडतो, सेंट जोसेफ उपसागरात थेट १६ ऑगस्टला. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाचं त्या वर्षाचं पत्रक बघितलेलं बरं.

परवान्याचं मात्र सोपं. स्वतःची किंवा भाड्याची बोट असेल तर खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. परवानाधारक कप्तानाची बोट केली, तर त्याच्याच परवान्यात सगळे येतात. आम्ही कप्तान केला. पैसे जास्त गेले. पण त्या पाण्यात खडक कुठे आणि गवत कुठे हे आम्हाला कोण सांगणार होतं?

[दृश्य: बोट नदीतून बाहेर पडते. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी.]

नदीचं पाणी हे असं. दलदलीतली पानं, मुळं कुजून त्यांचा रंग उतरलेलं. घाण नव्हे, पण काळं. आदल्या आठवड्यात पाऊस झाला असला तर हा काळा पट्टा समुद्रात लांबवर पसरतो आणि खालचं काही दिसत नाही. आमच्या कप्तानाने मुखाशी बोट हळू केली, पाण्याकडे बघितलं, आणि काही न बोलता उत्तरेला वळवली.

तो शोधत होता गवत. स्कॅलॉप शोधायचाच नसतो, हे आम्हाला तिथे कळलं. शोधायचं ते गवत, आणि गवतापर्यंत ऊन पोचेल असं नितळ पाणी. कासवगवत, मानाटीगवत अशी त्याची नावं. बिग बेंडच्या या गवताला राज्याने १९८५ साली संरक्षण दिलं. स्कॅलॉपचं पिल्लू पहिले दोनेक आठवडे पाण्यावर वाहत असतं, मग गवताच्या पात्याला धाग्याने चिकटतं. खाली गाळात पडलं तर खेकडे आणि शंख टपलेलेच. पातं आहे तर तो आहे.

आणि आयुष्य किती? साधारण एक वर्ष. शरदात पाणी गार व्हायला लागलं की अंडी सोडायची, आणि बहुतेकांचा खेळ तिथेच संपतो. म्हणजे या जुलैत हाताला लागलेला प्रत्येक जीव गेल्या शरदातला. मागच्या वर्षीची शिल्लक असा प्रकारच नाही. एक वर्ष बिघडलं की पुढचं वर्ष रिकामं. १९९४ साली फ्लोरिडाने विक्रीसाठी स्कॅलॉप काढण्यावर बंदी घातली ती याच भीतीने; सुवानी नदीच्या दक्षिणेला तर हौशी लोकांनाही बंदी झाली, आणि क्रिस्टल रिव्हरकडचा भाग उघडायला २००२ साल उजाडलं.

त्यातून एक गंमत झाली आहे. स्टीनहॅचीच्या हॉटेलात बसून तुम्ही स्कॅलॉप मागवलात, तर ताटात येतो तो बाहेरगावचा. इथला विकताच येत नाही. इथला खायचा तर स्वतः बुडी मारायची.

[दृश्य: बोटीवर लाल झेंडा चढतो, त्यावर तिरपा पांढरा पट्टा. पाण्यात उड्या.]

झेंडा आधी, उडी नंतर. पाण्यात माणसं आहेत याची ती खूण. उघड्या समुद्रात झेंड्यापासून तीनशे फुटांच्या आत दुसऱ्या बोटीने अगदी संथ यायचं, आणि पोहणाऱ्यानेही तेवढ्याच अंतरात राहायचं. सगळे वर आले की झेंडा उतरवायचा. उतरवायला विसरणारे बरेच, आणि मग खऱ्या झेंड्याची किंमत राहत नाही.

सामान थोडकं. डोळ्यांवर मास्क, तोंडात स्नॉर्कल, पायात फिन्स, कमरेला जाळीची पिशवी. हातमोजे असले तर बरे. पाय टेकवायचे तर तळ घासत, म्हणजे वाळूत पडलेला पाकट आधीच उठून जातो.

पहिली दहा मिनिटं मला एकही दिसला नाही. नुसतं हिरवं डोलणारं गवत. कप्तान वरून ओरडला, "गवतात नको, गवताच्या कडेला बघ, वाळूचे डाग आहेत तिथे." तिथे एक बसला होता. वरची शीप शेवाळाने माखलेली, गवतासारखीच मळकट. मधल्या फटीत ती निळी ओळ. हात पुढे केला, टाळी वाजली, पळाला. दुसऱ्यांदा मागून धरला.

एकदा नजर बसली की मग दिसत जातात. नजर बसेपर्यंत भाड्याचा एक तास गेलेला असतो, एवढंच.

[दृश्य: गावातला धक्का. नुसतेच उभे असलेले खांब. एक नवी पायरी, एक जुनी तुटकी.]

गावात घर मिळवणं हा बेतातला सगळ्यात अवघड भाग. खोल्या आधीच मोजक्या, आणि वादळांनी त्याही कमी केल्या. ३० ऑगस्ट २०२३ ला इडालिया किनाऱ्याला लागलं, ते हंगामाच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या तोंडावर. ५ ऑगस्ट २०२४ ला डेबी, ते ऐन हंगामात. आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन, चौथ्या श्रेणीचं. तेरा महिन्यांत तीन. हेलीनच्या वेळी समुद्र गावात शिरला आणि नदीकाठची कित्येक घरं, दुकानं घेऊन गेला. आम्हाला खोली मिळाली ती आत हमरस्त्याकडे, वीस मिनिटांवर. तक्रार करायला तोंड नव्हतं.

[दृश्य: धक्क्यावरचं साफ करायचं टेबल. बर्फ. चमचा. जवळच एक पेलिकन.]

शिंपले बर्फात ठेवायचे, वितळलेल्या पाण्यात नाही. गार पडले की शिंपा आपोआप सैल होतात. काळी बाजू वर धरायची, चमच्याने वरचा सांधा सोडवायचा, मग आतली घाण एका ओढीत काढायची. उरतो तो पांढरा गोल स्नायू, मोठ्या बोराएवढा. टाळ्या वाजवणारा तो हाच.

आईला विळी हवी होती. ती चमच्यावरच पटाईत झाली. पण बाकीचं फेकताना तिचा हात अडला.

"एवढं सगळं टाकायचं? आपण तिसरीतलं काही टाकतो का?"

मी तिला सांगितलं, पाण्यातलं विषारी शेवाळ या पोटातल्या भागात साठतं, स्नायूत फारसं नाही. तिला ते अर्धंच पटलं. रिकामे शिंपले नदीत टाकू नयेत, हे मात्र लगेच पटलं. ढीग साचतो, कुजतो, उन्हाळ्यात वास सुटतो. आम्ही पिशवीत भरून घेतले. पेलिकन नाराज झाला.

चौघांना मिळून आठ गॅलनची मुभा होती. आमचे भरले दीड. त्यातून साफ करून निघाल्या दोन वाट्या.

रात्री खोलीतल्या एकुलत्या शेगडीवर तिने तवा ठेवला. लसूण, हळद, तिखट, आणि बॅगेतून आणलेल्या कोकमाच्या आगळाचे चार थेंब. मिनिटभर एका बाजूने, मिनिटभर दुसऱ्या. जास्त ठेवले की रबर होतं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

वाट्या समोर आल्यावर तिने हिशेब घातला: तीन तास गाडी, चार तास पाण्यात, दोन तास साफसफाई. मग खाल्लं. मग कालनिर्णयाचं ऑगस्टचं पान उलटून अष्टमी कधी आहे ते बघितलं.