रॅम्प हलवायचा, पण किती?

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळी सहा-सातला नाशिकच्या इंदिरानगरच्या बोगद्यापाशी, म्हणजे महामार्गाखालून जाणाऱ्या वाटेपाशी, अडकला असाल, तर माझा विषय तुम्हाला निम्मा ठाऊक आहे. 2013 साली उड्डाणपूल सुरू झाला, आग्रा रोडची, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाची, जड वाहनं वरून जाऊ लागली. पण खाली पुलावरून उतरणाऱ्या रॅम्पचं तोंड आणि बोगद्याचं तोंड जवळजवळ आलं की कोंडी होणारच. म्हणून मागणी आहे, रॅम्प हलवा.

आमच्या देवळातल्या बैठकीत यावरून जुंपली होती. एसटीतून निवृत्त झालेले एक काका उठले, म्हणाले, "सगळे बाहेर या." पायऱ्यांखाली त्यांनी खांद्यावरचा पंचा पसरला. "हा रॅम्प." पायपुसणं झालं बोगदा. मग आमच्याच चपला मांडल्या. मोठ्या त्या गाड्या, पोरांच्या सॅंडल त्या रिक्षा. "रॅम्पवरून उतरलेल्याला डावीकडे कॉलनीत शिरायचंय. सर्व्हिस रोडवाल्याला उजवीकडे बोगद्यात. बघा, कात्री झाली!" चपला खरंच एकमेकींवर चढल्या होत्या. काकांनी पंचा चार हात मागे ओढला. चपला सुट्या झाल्या. "अंतर पाहिजे. वळायच्या आधी बाजू बदलायला अंतर!"

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या ताई म्हणाल्या, "काका, तुमचा पंचा आता माझ्या फाटकासमोर आला. माझ्या सासूबाई तिथूनच रस्ता ओलांडून दूध आणतात."

कुणी बोलेना. काकांनी एक लहानशी सॅंडल उचलली, पंच्याच्या तोंडापुढे आडवी ठेवली. "मग आधी इथे माणसाला ओलांडायची सोय, नंतर रॅम्प."

मला काकांचं पटलं. कुणाच्या दारातून कुणाच्या दारात, हा वाद संपणारा नाही. अंतर किती, ते मोजा. पुन्हा सांगते, अंतर मोजा, आणि पायी चालणारा आधी धरा. आणखी एक, सर्व्हिस रोड हा गाड्या लावायची जागा नव्हे. दुकानापुढे दोन रांगा लावून आपणच निम्मा रस्ता खातो, याचा मला फार राग येतो. वडाच्या सावलीतला जुना आग्रा रोड ज्यांनी पाहिलाय, त्यांना तर हे बघवत नाही.

2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, कामांची घाई असणार. त्याआधी येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बोगद्यापाशी जमतोय. काका टेप आणणार आहेत, ताई सासूबाईंना घेऊन येणार आहेत. वही माझ्याकडे आहे.