बांधावरचे उंदीर

नमस्कार श्रोतेहो.

आषाढात कधी बेळगावजवळच्या शहापूर-येळ्ळूरच्या शिवाराकडं गेलात तर बघा. बळ्ळारी नाला फुगला की भाताची रोपं पाण्याखाली जातात आणि वर उरतात ते नुसते बांध. बिळात पाणी शिरल्यावर उंदीर त्या बांधावर येऊन बसतात, अंग भिजून निम्मं झालेलं. शेतकऱ्याला त्यांची दया यायचं कारण नाही, मलाही फार येत नाही. पण एकदा छत्री धरून बघत उभा होतो तेव्हा मनात आलं, हा बांध म्हणजे बेटच झालं की! आणि हे पाणी चार-पाचशे वर्षं ओसरलंच नाही, तर या उंदरांचं काय होईल?

याचं उत्तर मदेरा बेटावर मिळतं. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात पोर्तुगालचं हे बेट आहे. लांबी साधारण 57 किलोमीटर, म्हणजे बेळगावहून निघून संकेश्वरच्या थोडं पुढं. माणसांच्या गलबतांतनं तिथं घरातला साधा उंदीर उतरला. या उंदराच्या पेशीत एरवी 40 गुणसूत्रं, म्हणजे आईबापांचे गुण पिल्लांत नेणारे धागे, असतात. मदेरावर मात्र संशोधकांना एकाच बेटावर सहा तऱ्हेचे उंदीर सापडले, कुणाची गुणसूत्रं 22, तर कुणाची 30 पर्यंत. हे 2000 साली प्रसिद्ध झालं.

मग बाकीची गुणसूत्रं गेली कुठं? कुठंच नाही. दोन दोरे टोकाशी गाठ मारून एक करावा, तशी ती जोडीजोडीनं चिकटली. वरनं बघितलं तर उंदीर तेच. पण एका तऱ्हेची मादी आणि दुसऱ्या तऱ्हेचा नर एकत्र आले, तर पुढं त्यांच्या पिल्लांच्या पोटी वंश वाढायला अडचण येते, कारण गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. मधे उभे डोंगर, खोल दऱ्या. माणूस जिथं राहतो तिथंच हा उंदीर राहणार, त्यामुळं एका दरीतला दुसऱ्या दरीत सहसा जात नाही. बेटाच्या पोटात आणखी बेटं!

आता कुणी म्हणेल, हवापाणी वेगळं असेल म्हणून ते बदलले. तसं नव्हे. संशोधकांनी बोट ठेवलं ते दोन गोष्टींवर: एकमेकांपासून तुटणं आणि नशीब. हे नशीब आपल्याला आडनावांवरनं चटकन कळेल. समजा एखाद्या वाडीत आठ आडनावांची आठ घरं वसली. एकाला मूलच झालं नाही, दोघांना मुलीच झाल्या, एकजण पोटापाण्यासाठी मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. पन्नास-साठ वर्षांत वाडीत आडनावं उरली चार. गेलेली चार वाईट होती का? मुळीच नाही. घरं थोडी होती, म्हणून एकेका घराचा योगायोग भारी पडला. मोठ्या गावात तो कळलाही नसता. (मुलींनी आडनाव चालवायचं नाही हा नियम आपला. जनुकं लेकीकडनंही तितकीच पुढं जातात.) शिवाय वाडीत मुळात आलीच आठ आडनावं. गलबतातनं उतरलेल्या मूठभर उंदरांनीही आपल्या मुलखातली सगळी जनुकं थोडीच बरोबर आणली होती?

तुटल्यावर दरवेळी नवी तऱ्हाच तयार होते असं मात्र नाही. थायलंडमध्ये चिऊ लान इथं धरण झालं, 1987 च्या सुमाराला पाणी चढलं आणि जंगलातल्या टेकड्यांची शंभरावर बेटं झाली. आपल्या हिडकल धरणाचं पाणी चढताना ज्यांनी बघितलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तर त्या बेटांवरचे रानातले छोटे सस्तन प्राणी पंचवीस वर्षांत जवळजवळ संपले, बारक्या बेटांवर तर पाचेक वर्षांतच. जागा अपुरी, जीव थोडे, आणि वर बाहेरनं घुसलेला शेतातला उंदीर.

कधी कधी बेट असतं ते आपल्या डोक्यात. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ घ्या. 1912 साली प्रेटर या निसर्गअभ्यासकानं ते तिथं गोळा केलं, पुढच्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याला रॉटन या दुसऱ्या अभ्यासकाचं नाव दिलं. कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते, की जगात ते त्या गुहांतच आहे. पुढं ते मेघालयात सापडलं, कंबोडियातही सापडलं. आपण दुसरीकडं बघितलंच नव्हतं.

आपल्या बांधांचं पाणी मात्र ओसरतं. दसऱ्यापर्यंत भात पोटरीला येतं, वाटा मोकळ्या होतात, या बांधावरचे उंदीर त्या बांधावर जातात आणि सोयरीक जुळते. वेगळं व्हायला त्यांना सवडच मिळत नाही. लोंबी भरली रे भरली, की सगळ्या बांधांवरचे एकदमच हजर.

नमस्कार.