मधली खुर्ची

समुपदेशनाच्या या खोलीत आई आणि बाबा दोन टोकांना बसले आहेत आणि मधल्या खुर्चीवर त्यांची १५ वर्षांची मुलगी आहे. ही जागा तिला कोणी दिली नव्हती. तिघे आत आले आणि सवयीने असे बसले. वाद मोबाइलचा आहे. रात्री दहानंतर तो बाहेरच्या खोलीत राहावा, असे बाबांचे म्हणणे आहे. अभ्यासाचे निरोप त्यावरच येतात, तेव्हा तो तिच्याजवळ असू द्यावा, असे आईचे. दोघेही बोलताना एकमेकांकडे पाहत नाहीत, मुलीकडे पाहतात.

कुटुंबोपचाराची रचनात्मक पद्धत (घरातल्या नात्यांची मांडणी बदलण्यावर भर देणारी) मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी कोण कुठे बसते, यालाही महत्त्व दिले होते. आई-वडिलांचा मतभेद त्यांच्यात थेट बोलला गेला नाही, तर तो मुलांमार्फत चालू राहतो: एक जण नियम घालतो, दुसरा तो गुपचूप सैल करतो, आणि ‘तुझ्या बाबांना सांग’ असे निरोप पोहोचवण्याचे काम मुलांकडे येते. किशोरवयात बाहेर जाण्याच्या वेळा, मैत्री, फोन, सारेच नव्याने ठरवावे लागते; त्यामुळे लहानपणी झाकला गेलेला मतभेद आता रोज समोर येतो.

जॉन ग्रिच आणि फ्रँक फिंचम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या भांडणांच्या ध्वनिफिती ऐकवल्या होत्या. भांडण मुलाविषयी असले, की ऐकणाऱ्या मुलांना अधिक लाज वाटत होती आणि आपणही त्यात ओढले जाऊ, ही भीती वाढत होती. अशा ताणातून घरात चिडचिड, अभ्यासातून उडालेले मन, मोडलेले नियम असे काही दिसू लागते.

आता समुपदेशक मुलीला आपल्या शेजारी बसायला सांगतात, मधली खुर्ची बाजूला करतात आणि आई-बाबांच्या खुर्च्या समोरासमोर वळवतात. सुरुवातीला दोघांचीही नजर पुन्हापुन्हा मुलीकडे जाते, आणि समुपदेशक दर वेळी शांतपणे म्हणतात, “त्यांना सांगा.” मग आई प्रथमच विचारते, “दहाच का?” बाबा मुलीच्या अपुऱ्या झोपेविषयी बोलतात. आईलाही हीच काळजी आहे, हे त्यांना इथे कळते.

वेळेबाबत एकमत अजून झालेले नाही. मतभेद राहिला तरी चालेल, पण तो सोडवण्याचे काम मुलीचे नाही. पुढच्या भेटीपर्यंत फोनविषयी तिने काहीही विचारले, तरी दोघांनी एकच उत्तर द्यायचे ठरले आहे: “आम्ही दोघे बोलून सांगतो.”