लिनक्सवर आवाज फाटतोय? आधी ती १५३ ची पट्टी खाली घ्या

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतोय. मागं घरघर ऐकू येईल, ती माझ्या पंख्याची. आधीच सांगतो, कारण गेल्या वेळी व्हिडिओपेक्षा पंख्यावरच जास्त कमेंटा आल्या.

"दादा, लिनक्स टाकलं आणि आवाज फाटाय लागला." हा प्रश्न इतक्यांदा आलाय की घ्या, एकदाचं बोलून टाकतो.

बेसिक पटकन. पिन हलवून बघा, दुसरा हेडफोन लावून बघा, सेटिंगमध्ये आउटपुट बरोबर निवडलंय का बघा. झालं.

आता नीट कान द्या. आवाज फाटतोय का तुटतोय? ढोलाचा ठोका पडला की चरचर आणि हळू गाणं स्वच्छ, म्हणजे फाटतोय. मोठा-बारका कसाही असू दे, ब्राउझर उघडला की टक् टक् होतंय, म्हणजे तुटतोय. आजार दोन आहेत आणि लोक एकाची गोळी दुसऱ्याला देतात.

फाटण्याचं बघू. पाव्हूकंट्रोल उघडा, म्हणजे लिनक्सवर आवाज कमी-जास्त करायचं ॲप. त्यातली आवाजाची पट्टी १५३ टक्क्यांपर्यंत जाते. दीडपट वाटतं ना? ते ११ डेसिबल असतंय, म्हणजे लाट साडेतीन पट उंच. आणि कॉम्प्युटर लाटेची उंची आकड्यात लिहितो, १६ बिटच्या आवाजात सगळ्यात मोठा आकडा ३२७६७. त्याच्या वर जागाच नाही. वर गेलेलं सगळं सपाट कापलं जातंय. ते कापलेलं टोक म्हणजेच तुमची चरचर.

नाही पटलं? गणपतीची मिरवणूक आठवा. मूर्ती २१ फूट, कमान १८ फूट. मुकुट कापूनच मूर्ती आत नेली. आता कमानीच्या पलीकडं ट्रॉली कितीही खाली घ्या, मुकुट परत उगवतोय का? तसंच, कॉम्प्युटरच्या आतच आवाज कापला गेला असेल, तर बाहेर स्पीकरचं बटण कमी करून काही होत नाही. बारका आवाज येईल, पण फाटकाच.

ही अक्कल मला फुकट नाही आली. मामांचा कॉम्प्युटर, भजन लावलं की टाळ फाटायचे. मी नवे स्पीकर आणले. मग अख्खी सिस्टीम पुसून परत टाकली. रविवार गेला. शेवटी बघतोय तर व्हिडिओ प्लेअरचा आवाज २०० वर! भाच्यानं ठेवलेला. मामी म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?" मी गप चहा प्यायलो.

म्हणून सगळ्या पट्ट्या बघा. ॲपची वेगळी, सिस्टीमची वेगळी. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर चालवा, ही साउंड कार्डाची पट्टी. एफ-सिक्स दाबून आपलं कार्ड निवडा. वरती डेसिबल दिसतंय, ते शून्याच्या वर गेलं असेल तर खाली आणा.

एक भाऊ लिहितोय, "१०० वर आवाज पोचत नाही." अरे मग स्पीकरचं बटण फिरव की! ते त्याच्यासाठीच दिलंय. आत १०० किंवा थोडं कमी, जोर बाहेरनं.

तुटण्याचं थोडक्यात. ॲपचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा प्रोग्रॅम म्हणून हल्ली बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतंय. लिनक्सचेच प्रकार बघा, फेडोरात आवृत्ती ३४ पासून, उबुंटूत २२.१० पासून. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालवा, कमांड स्क्रीनवर आहे. ई-आर-आर नावाच्या रकान्यातला आकडा वाढत असेल, तर प्रोसेसर वेळेत आवाज पोचवत नाही. क्वांटम, म्हणजे आवाजाचे किती नमुने एका घासाला पाठवायचे तो आकडा, १०२४ चं २०४८ करा. सेकंदाला ४८००० नमुन्यांच्या दरानं एका घासाला २१ ऐवजी ४३ मिलिसेकंद मिळतात. गाणी ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, गिटार वाजवणाऱ्याला कळतो.

आणि पाइपवायर रीस्टार्ट करताना कमांडच्या पुढं सुडो, म्हणजे मुख्य मालकाचा (रूटचा) अधिकार, लावू नका, हात जोडतो. ती सेवा तुमच्या युजरची आहे, रूटची नव्हे.

ब्लूटूथवर मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतोय, तो फाटणं पण नाही आणि तुटणं पण नाही. माइक चालू झाला की हेडसेट कॉलच्या प्रोफाइलवर जातो. माइक दुसरा निवडा आणि हेडसेट परत ए-टू-डी-पीवर, म्हणजे गाण्याच्या प्रोफाइलवर घ्या, सुटला प्रश्न.

आणि हाच व्हिडिओ फाटका ऐकू येत असेल, तर कमेंट लिहायच्या आधी पट्टी बघा. पंखा मी बंद करतोय.