आजीचा दगडी पाला आणि प्लेटमधलं वर्तुळ

हे आमचं शेत, बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. बांधावर लांब दांडीवर ती बारीक फुलं डोलतायत ना, कडेला पांढरी आणि मधे पिवळी, ती एकदांडी. आमच्यात दगडी पालाच म्हणतात. विळा लागला की आजी हा पाला तळहातावर चोळते, रस जखमेवर पिळते, वर चिंधी, झालं काम. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला हाच घेतो म्हटलं तर म्हणाली, "त्यात काय बघूलास? लावलं की थांबतंय की."

मला बघायचं होतं, जंतू मरतात का.

पहिली गाठ पावसाशी. पाला सावलीत वाळवून पूड करायची असते, पण जुलैत आमच्याकडं कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथं पाला कुठला, सगळ्याला बुरशी. दुसरी खेप आजीनं माझ्या नकळत चुलीवरच्या माळ्यावर ठेवली, मस्त कडकडीत झाली, मी खुशीत लॅबला नेली आणि मॅडमनी नुसता वास घेऊन टाकायला लावली. कारण धुरातच फिनॉलसारखी जंतू मारणारी द्रव्यं असतात, मग प्लेटवर दिसेल ते पाल्याचं की चुलीचं, कोण सांगणार? तिसरी खेप ऑक्टोबरच्या उघडिपीवर ढकलली.

नावाचा पण घोळ असतो. इकडं एकाच झाडाला दोन भाषा, आपली निरगुडी ती शेजारच्या कन्नड काकांची लक्की, आपली गुळवेल ती त्यांची अमृतबळ्ळी. म्हणून फुलासकट फांदी दाबून हर्बेरियम शीट करायचं, त्यावर शास्त्रीय नाव, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. आणि मजा बघा, हे तण मूळचं अमेरिका खंडातलं! आजीला सांगितलं तर म्हणते, "माझ्या आजीच्या बांधावर होतं, अमेरिका कुठनं आली मधे?"

आता लॅब. पूड मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळली, मिथेनॉल उडवलं, खाली राहिला काळपट हिरवा चिकट थर, जुन्या कढईच्या बुडाला असतो तसा, हाच अर्क. प्लेट म्यूलर-हिंटन अगारची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची, त्यावर स्टॅफिलोकोकस ऑरियस पसरायचा, जखमेत पू करणारा. जंतूंचं पाणी किती गढूळ पाहिजे ते पण ठरलेलंय, ०.५ मॅकफरलँड, म्हणजे मिलीलिटरला साधारण १५ कोटी जंतू. मग अगारमध्ये ६ मिलीमीटरची भोकं, एकात अर्क, एकात अँटिबायोटिक, एकात अर्क ज्यात विरघळवला तो नुसता द्रावक. ३७ डिग्रीला रात्रभर.

सकाळी अर्काच्या भोकाभोवती हे एवढं स्वच्छ वर्तुळ, आतले जंतू गायब! मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला पण. नंतर लक्ष गेलं, नुसत्या द्रावकाच्या भोकाभोवती पण तसंच वर्तुळ. अर्क विरघळवायचा नेहमीचा द्रावक, डीएमएसओ, संपलं होतं म्हणून अर्क परत मिथेनॉलमध्येच विरघळवलेला, आणि शेवटी ते अल्कोहोलच की, जंतू मारणारच. ग्रुपवरचा फोटो डिलीट.

डीएमएसओ आल्यावर परत केलं. या वेळी वर्तुळ आलं ते बारीक, अँटिबायोटिकच्या शेजारी लाज वाटावी असं. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर तर काहीच नाही, तो ग्रॅम निगेटिव्ह गटातला, त्याला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं त्यामुळे पुष्कळ द्रव्यं आत शिरतच नाहीत. आणि वर्तुळ मोठं म्हणजे औषध भारी असंही नसतं, काही द्रव्यं अगारमध्ये सरकतच नाहीत नीट. म्हणून पुढं ही ९६ खळग्यांची प्लेट, अर्क दर खळग्यात निम्मा निम्मा करत जायचा, शेवटी रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकायचा, गुलाबी झालं तर जंतू जिवंत, निळं राहिलं तर वाढ थांबली.

पण मला एक गोष्ट टोचत होती. आजी कुठं मिथेनॉल वापरते? मग ताजा पाला आणला, वाटून रस काढला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधनं गाळला, नाहीतर पाल्यावरचेच जंतू प्लेटवर उगवतात. रात्रभर ठेवला. वर्तुळ नाही. परत केला. नाही.

घरी जाऊन आजीला सांगितलं, जरा भीतभीतच, की तुझ्या रसानं जंतू मरत नाहीत गं.

ती तांदूळ निवडत होती, मान पण वर केली नाही. "जंतू मरतंय असं कोण म्हटलं? रक्त थांबतंय म्हटलं मी."