दोनशे ग्रॅमचे तारे, एक किलोची शेव

(इंदूरमधल्या एका मराठी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ‘ऑनलाइन बाजाराचे जाणकार’ अशी माझी ओळख करून दिली. खरं म्हणजे मी छोट्या विक्रेत्यांचे कॅटलॉग लावून देतो. कोणाचं नमकीन, कोणाच्या महेश्वरी साड्या. फोटो, साइज, रंग, किंमत टाकायची आणि मग रिव्ह्यूंची वाट बघत बसायचं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रत्येक व्हेरिएशनचे रिव्ह्यू वेगळे कसे गोळा करावेत’. व्हेरिएशन म्हणजे एकाच मालाचे वेगवेगळे साइज, रंग. त्यावर येतोच. पण आधी शेवेचं सांगू द्या. शेवेशिवाय इंदुरात भाषण ऐकतं तरी कोण?

गेल्या दिवाळीत मुलीच्या सासरी फराळाबरोबर लौंग शेव पाठवायची होती. व्याही पुण्याचे. (हसू नका, अजून काहीच सांगितलेलं नाही.) सौ. म्हणाल्या, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन पार्सल बांधण्यापेक्षा ऑनलाइन थेट त्यांच्या पत्त्यावर मागवा. पानावर चार पूर्णांक चार तारे, रेटिंगं हजारांत. एक किलोचं पाकीट निवडलं, पैसे भरले. दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन. आवाज अगदी गोड. “शेव मिळाली हो. चव छानच आहे. फक्त एक विचारायचं होतं, तुमच्याकडे ती चमच्यानं खातात का?”

किलोभर शेवेचा पार भुगा झाला होता. त्यात कोथिंबीर घातली असती तर पोह्यांवर पेरायला चालली असती.

आता मी या धंद्यातला माणूस, म्हणून रिव्ह्यू वाचायला बसलो. प्रत्येक रिव्ह्यूखाली बारीक अक्षरात साइज लिहिलेली असते, ती आपण कोणी वाचत नाही. वाचत गेलो तर जवळजवळ सगळं कौतुक दोनशे ग्रॅमच्या पाकिटाचं. ते पाकीट कसं, तर हवा भरून फुगवलेलं, जाड, धक्का सोसणारं. किलोचं म्हणजे साधी पातळ पिशवी. शेवेवर शेवेचाच भार, वरून कुरिअरवाल्याचा हात. किलोवाल्यांचे रिव्ह्यू मोजकेच, पण प्रत्येकाचं रडगाणं एकच: चुरा. एकानं लिहिलं होतं, “भेळेला वापरली.” तो माणूस समजूतदार.

कस्टमर केअरला मी कळवलं. उत्तर आलं, “या उत्पादनाला ग्राहकांनी उत्तम रेटिंग दिलेलं आहे.” म्हणजे ज्या आकड्यानं मला फसवलं, तोच आकडा मला पुरावा म्हणून दाखवला!

हे होतं कसं, तर ऑनलाइन बाजारात एका ‘पॅरेंट’ नोंदीखाली अनेक ‘चाइल्ड’ नोंदी लावतात: दोनशे ग्रॅम, पाचशे, किलो, लाल, निळा, मोतिया. अ‍ॅमेझॉनवर वर्षानुवर्षं रीत अशी की एका पॅरेंटखालच्या सगळ्यांचे तारे एकत्र दिसायचे. आपल्या इंदूरचंच बघा ना. स्वच्छ सर्वेक्षणात आपण 2017 पासून पुढे आहोत, पण म्हणून माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा ढीग काही आपोआप उचलला जात नाही. तारे शहराचे, राहायचं गल्लीत. (नगरसेवक आलेत का? नाहीत ना? मग चालू ठेवतो.)

हा दोष नुसत्या आळसाचा असता तर सोडून दिलं असतं. पण काही जण मुद्दाम करतात. जुन्या, खपणाऱ्या मालाच्या पॅरेंटखाली भलताच नवा माल घुसवायचा, म्हणजे नव्याला जुने तारे आयते. मी एका मसाल्याच्या पानावर “फोनला घट्ट बसतं” असा रिव्ह्यू वाचलेला आहे. अमेरिकेत व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल कंपनीनं अ‍ॅमेझॉनवर असंच केल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला आणि 2023 मध्ये सहा लाख डॉलर भरायला लावले. त्या प्रकारचा तो त्यांचा पहिलाच खटला.

तरी विक्रेत्याचीही बाजू ऐका. नवा रंग आणला आणि त्याखाली शून्य रिव्ह्यू, तर तो घेणार कोण? महेश्वरी साडीत ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. तीच वीण, तेच हातमाग, फक्त रंग वेगळा. तिथे पोत कसा, निऱ्या कशा बसतात, याचे रिव्ह्यू सगळ्या रंगांना लागू. पण रंग धुण्यात जातो का, हे लाल नेसणारीनं सांगायचं, मोतियावालीनं नाही. आणि त्याच पानावर निव्वळ सुती साडीही बसवली असेल, तर पोताचंही एकत्र करता येत नाही. म्हणजे काय सामायिक ठेवायचं आणि काय वेगळं काढायचं, हे...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. चहा तयार आहे म्हणे. बरं, मूळ विषय आता धावतच.

पहिलं, रिव्ह्यू मागण्याबद्दल. अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्याला विनंतीचं बटण असतं, माल पोचल्यापासून 5 ते 30 दिवसांत दाबायचं. मजकूर ठरलेला, तुम्हाला बदलता येत नाही. पण कधी दाबायचं ते तुमच्या हातात. शेवेला लवकर दाबा, साडीला एक धुणं होऊ द्या. स्वतःची वेबसाइट असेल तर प्रश्नच त्या व्हेरिएशनचा विचारा: “किलोचं पाकीट उघडलंत तेव्हा शेव अखंड होती का?” ‘कसं वाटलं’ विचाराल तर ‘छान’ एवढंच येणार. आणि फक्त खूश गिऱ्हाइकांना विचारायचं नाही, पाच ताऱ्यांवर कूपन द्यायचं नाही. आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहिणं मना आहे. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 19000:2022 हे खास रिव्ह्यूंसाठीचं मानक आहे; विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका, लिहिणारा खरा आहे का ते तपासा, असं त्यात आहे. ते आलं ते ऐच्छिक म्हणून, त्यामुळे कोणी वाचत नाही.

दुसरं, नोंद. प्रत्येक रिव्ह्यूबरोबर चाइल्डचा कोड, साइज, रंग, जमलं तर बॅच. हे आज ठेवलं नाही तर उद्या वेगळं काढायला काही उरत नाही.

तिसरं, दाखवायचं कसं. किलोचे तीनच रिव्ह्यू, सरासरी 2. सगळ्या कुटुंबाची, म्हणजे एका पॅरेंटखालच्या सगळ्या पाकिटांची मिळून, 4.4. नुसते 2 दाखवणं अन्याय, नुसते 4.4 दाखवणं लबाडी. कुटुंबाच्या सरासरीचे दहा रिव्ह्यू आधीच आलेत असं धरा: तीन गुणिले 2 म्हणजे 6, दहा गुणिले 4.4 म्हणजे 44, बेरीज 50, भागिले 13. साधारण 3.8. तेच किलोचे चाळीस रिव्ह्यू झाले आणि सरासरी 2 च राहिली, तर 80 आणि 44 मिळून 124, भागिले 50, म्हणजे 2.5 च्या खाली. पुरावा वाढला की कुटुंबाचा टेकू आपोआप निघतो. दहाच का, तर तो आकडा मालाप्रमाणे ठरवायचा. रंगापुरता फरक असेल तर मोठा, पाकीटच वेगळं असेल तर लहान. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे. ज्यांची दुकानं ऑनलाइन आहेत त्यांनी चहाच्या वेळी भेटा, शीट देतो.

हो, काकू, हात वर आहे तुमचा. विचारा. कोणत्या दुकानाची शेव ते मात्र सांगणार नाही.