तट उभाच होता
थाळनेर ते असीरगड: निवेदन

(ड्रोन. तापीचं पात्र. कॅमेरा हळूहळू काठाकडे येतो.)

हे थाळनेर. तालुका शिरपूर, जिल्हा धुळे. खाली तापी, आणि तापीच्या काठातून सरळ वर उठलेला हा तट. 1818 साली इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची उंची साठ फुटांच्या आसपास लिहून ठेवली होती. उरलेल्या तिन्ही बाजूंना रुंद घळ. आतली जमीनही जवळजवळ तटाइतकीच उंच, म्हणजे तोफा डागून भिंत फोडायची म्हटलं तरी मागे सगळा भरावच. वर जायला वाट एकच, आणि त्या नागमोडी वाटेवर एकामागे एक पाच दरवाजे.

हे पाच दरवाजे ध्यानात ठेवा.

(बुरूज, जवळून. ढासळलेली कड. मागे नदीचा आवाज.)

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी वाहते. हिंदुस्थानातून दख्खनेत उतरायचं तर हा पट्टा ओलांडावाच लागायचा. त्यामुळे इथं जो सत्तेवर आला त्यानं आधी तट बांधला. लळिंग, सोनगीर, भामेर, पारोळा, अमळनेर... धुळ्याहून कुठल्याही दिशेला निघा, तासा-दोन तासांत एखादा पडका बुरूज दिसतोच.

(कबरी. घुमट. कॅमेरा कोरीवकामावरून फिरतो.)

1370 मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. खानदेशच्या फारुकी घराण्याची सुरुवात इथली. त्या घराण्यातले पहिले राज्यकर्ते या कबरींत निजलेत. ही अष्टकोनी कबर बघा. आमचा कॅमेरामन इथून हलायलाच तयार नव्हता, म्हणून हा शॉट जरा लांबलाय. लांबू द्या.

(रेल्वेच्या खिडकीतून. लांब डोंगरावर मिनार.)

भुसावळहून खंडव्याकडे जाताना बऱ्हाणपूर गेलं की डोंगरमाथ्यावर हा किल्ला दिसायला लागतो. असीरगड. आज नकाशात तो मध्य प्रदेशात आहे. पण खानदेशी माणसाला बऱ्हाणपूर परकं वाटत नाही, आणि फारुकींची राजधानीच ती होती.

असीरगड म्हणजे दख्खनची किल्ली. एकाच डोंगरावर तीन तटबंद्या: खाली मलयगड, मध्ये कमरगड, माथ्यावर असीर. हा गड फारुकींनी मिळवला कसा, ते फरिश्ता नावाचा जुना इतिहासकार सांगतो. मलिक राजाचा मुलगा नसीर खान गडाचा धनी असलेल्या आसा अहिराला म्हणाला, मला शत्रूंनी घेरलंय, माझ्या घरच्या बायकांना तुझ्या गडावर आसरा दे. आसा भला माणूस. त्यानं दरवाजा उघडला. पहिल्या डोल्यांतून खरोखरच बायका उतरल्या. त्यांच्यामागून आलेल्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले.

एवढा अभेद्य गड, आणि गेला तो पाहुणचारात.

(पायऱ्या. चढणारे पाय. दम लागल्याचा आवाज मुद्दाम ठेवलाय.)

पुढे याच नसीर खानाच्या वंशजांनी गड आणखी मजबूत केला. दुसऱ्या आदिल खानानं तर तटावर तट चढवले. पण या राजघराण्याची एक रीत होती: गादीवर हक्क सांगू शकतील अशा भावाबंदांना याच गडावर कैदेत ठेवायचं. म्हणजे भिंतीला तोंडं दोन. एक बाहेरच्या शत्रूकडे, एक घरच्या माणसांकडे.

1597 साली फारुकींचा सुलतान राजा अली खान अकबराच्या बाजूनं दख्खनी फौजांशी लढताना मारला गेला. मुलगा बहादूर गादीवर आला. बापानं मोगलांशी जमवून घेतलं होतं, मुलाला ते जड गेलं. मुजरा करायचं टाळलं आणि तो असीरगडावर जाऊन बसला. दाणागोटा होता, पाण्याची टाकी होती, तोफा होत्या. 1600 मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला. वेढा महिनोन् महिने चालला. पण तटाला खिंडार पडेना.

(वरून खाली दरी. घारी.)

आत मात्र गर्दी झाली होती. माणसं, घोडे, गुरं, सगळी एकाच आवारात. अबुल फजल लिहितो, की आत रोगराई पसरली. तेव्हा मोगल दरबारी असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या नोंदी वेगळंच सांगतात: बहादूर बोलणी करायला खाली उतरला आणि अकबरानं त्याला परत जाऊ दिलं नाही, गडाचा हबशी सेनापती तरीही दार उघडेना, मग आतल्या सरदारांकडे सोनं पोचलं. दोन्ही साक्षी शब्दशः घ्यायचं कारण नाही, पहिला अकबराच्या पदरचा आणि दुसरे पाहुणे. पण तोफेनं गड पडला असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

जानेवारी 1601 मध्ये दरवाजा उघडला. बहादूरला ग्वाल्हेरला नेलं, शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं नाव दानदेश केलं, फारुकी घराणं संपलं.

(एका गावची गढी. खोरं, टोपलं. पांढऱ्या मातीची धूळ.)

राजांचे किल्ले झाले, पण गावांना गढी होती, गावापुरती मातीची तटबंदी. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ दुष्काळ आला, पेंढारी होतेच. गावं ओस पडली.

आज गढीची माती धाब्यावर जाते. खानदेशात जुन्या घरांना धाब्याचं छत, आणि पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, नाहीतर घर गळतं. या आजी बघा, टोपलं रिकामं करून हातानंच माती सारखी करतायत. गढीबद्दल विचारलं तर हसल्या.

"आठे आते काय शे, भाऊ? माटी शे नुसती."

(पुन्हा थाळनेर. संध्याकाळ. चढणीची वाट.)

तर पाच दरवाजे.

1817 च्या डिसेंबरात थाळनेर होळकरांकडे होतं. गादीवर अल्पवयीन मल्हारराव. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईला 20 डिसेंबरला स्वतःच्याच सैन्यातल्या लोकांनी क्षिप्रेच्या काठी ठार केलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजांशी महिदपूरची लढाई, आणि होळकरांचा पराभव. 6 जानेवारी 1818 ला मंदसोरला तह झाला. त्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख कंपनीला देऊन टाकला. त्यात थाळनेरही गेलं. इथला एक चिराही हलला नव्हता.

किल्लेदार होता तुळशीराम मामा. 27 फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज समोर आली. निरोप आला: तह झालाय, गड द्या, नाही दिला तर बंडखोर समजू. ज्या धन्यानं गड राखायला दिला त्यानंच तो सोडून दिलाय, हे शत्रूच्या तोंडून ऐकून कुठला किल्लेदार विश्वास ठेवील? गडावरून गोळ्या सुटल्या.

हिस्लॉपकडे तट पाडायच्या मोठ्या तोफा नव्हत्या, हलक्याच होत्या. त्यांचा मारा पहिल्या दरवाज्यावर झाला. चौकटीच्या बाजूला फट पडली आणि तिच्यातून इंग्रजांची तुकडी आत घुसली. तिसऱ्या दरवाज्यापाशी खुद्द किल्लेदार बाहेर येऊन त्यांच्या हवाली झाला. चौथा उघडाच मिळाला. पाचवा बंद. आत अरब शिपाई. काय अटी, कुणाच्या भाषेत, कोण कुणाला काय बोललं, याचा मेळ आजवर लागलेला नाही. दरवाज्यातली छोटी दिंडी उघडली, काही इंग्रज अधिकारी वाकून आत गेले, आणि आत झटापट झाली. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले, कर्नल मरे जखमी झाला. मग बाहेरची फौज आत शिरली. गडावर सुमारे तीनशे माणूस होतं. कत्तल झाली.

तुळशीराम मामाला त्याच संध्याकाळी फाशी दिलं.

(बुरूज. आकाश. निवेदन थांबतं.)

पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या मोहिमेचे आभार मानताना थाळनेरचा प्रश्न निघाला. ती फाशी गोऱ्यांनाही पचायला जड गेली होती. इकडे चांदवड, गाळणा न लढता गेले, मालेगाव लढून गेलं, नोव्हेंबरअखेर अमळनेर गेलं, आणि खानदेश कंपनीचा झाला.

आम्हाला इथं तुळशीराम मामाच्या नावाची पाटी दिसली नाही. नदीकडची कड दर पावसाळ्यात थोडी थोडी तापीत जातेय, तेवढी आम्ही टिपलीय.

जिथून तुकडी वर चढली असावी, त्या वाटेनं आम्हीही चढलो. पोरं क्रिकेट खेळून खाली उतरत होती. त्यांनी वाट सोडली आणि एकानं विचारलं, "शूटिंग कशाचं करताय?"

(चढणीची वाट. पोरांचे आवाज लांब जातात. तापी.)